संदर्भाचे टेबल आणि छाटणीचे कपाट : महाविद्यालयीन ग्रंथालयातील अर्धवेळ कामाविषयी

महाविद्यालयीन ग्रंथालयात अर्धवेळ काम करणाऱ्या व्यक्तीकडे बहुधा दोन कामे येतात. एक संदर्भसेवेचे, म्हणजे वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, किंवा उत्तरापर्यंत पोचण्याची वाट, संग्रहातून शोधून देण्याचे. आणि दुसरे ग्रंथछाटणीचे, म्हणजे कालबाह्य, जीर्ण किंवा निरुपयोगी ठरलेली पुस्तके तपासून ती रीतसर संग्रहातून बाद करण्याचे. पहिले काम माणसांशी बोलण्याचे आणि दुसरे धूळ झटकण्याचे असल्यामुळे टेबलाशी कोणी नसेल तेव्हा छाटणी करावी, म्हणजे छाटणी हे रिकामा वेळ भरून काढण्याचे साधन आहे, अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ झालेली दिसते. ही समजूत सोडून देणे हीच या कामाची पहिली पायरी आहे, कारण कोणते पुस्तक ठेवावे आणि कोणते काढावे याचा निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती संदर्भाच्या टेबलावरच गोळा होते, आणि ती माहिती नसलेल्या माणसाने केलेली छाटणी पुस्तकाच्या वयावर आणि बांधणीवरच उभी राहते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेल्या शेंदूरजनाघाट आणि वरूड परिसराचा विचार केला तर या दोन कामांतला संबंध अधिक स्पष्ट होतो. संत्र्याच्या बागांवर जगणाऱ्या या भागात महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे केवळ अभ्यासक्रमाची पुस्तके मागणारा विद्यार्थी येत नाही. घरच्या बागेवरील रोगाची चौकशी करणारा, प्रकल्पासाठी गावाचा इतिहास शोधणारा आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारा असे तिन्ही प्रकारचे वाचक एकाच टेबलाशी उभे राहतात. अमरावती किंवा नागपूर येथील मोठी ग्रंथालये रोजच्या जाण्यायेण्याच्या टप्प्यात नसल्यामुळे जे येथे मिळाले नाही ते विद्यार्थ्याला मिळालेच नाही, असे बहुतेक वेळा घडते.

काम स्वीकारताना कार्यभाराचा प्रश्न आधी निकाली काढावा. अर्धवेळ किंवा तासिका तत्त्वावर नेमलेल्या व्यक्तीच्या नेमणूकपत्रात संग्रहाची जबाबदारी कोणाची, हे अनेकदा लिहिलेले नसते, आणि पुढे पडताळणीत पुस्तके कमी भरली की हा मोघमपणा त्याच व्यक्तीच्या अंगावर येतो. पडताळणी म्हणजे दाखलवहीतील प्रत्येक नोंदीसमोर पुस्तक प्रत्यक्ष आहे की नाही हे पाहणे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ प्रमाणे २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण पडताळणी दरवर्षी, २०,००० ते ५०,००० ग्रंथ असल्यास तीन वर्षांतून किमान एकदा आणि त्याहून मोठ्या संग्रहाची नमुना पडताळणी तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर पडू न देता व्हावी लागते. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या किंवा तेथे बसून पाहिलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथ गहाळ होणे हे नियम स्वाभाविक मानतात, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि १,००० रुपयांहून अधिक किमतीचा किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवल्यास चौकशी झालीच पाहिजे, असेही ते सांगतात. हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत; तथापि स्वतःचे लेखी नियम नसलेल्या महाविद्यालयाला प्रमाण म्हणून दाखविण्यासारखे दुसरे काही सहसा हाताशी नसते, म्हणून नेमणुकीच्या वेळीच त्यांचा हवाला देऊन शेवटची पडताळणी कधी झाली आणि किती पुस्तके सापडली नाहीत, याची लेखी प्रत मागून घ्यावी. न सापडलेली पुस्तके आणि छाटलेली पुस्तके या दोन याद्या कधीही एकत्र होऊ देऊ नयेत. हरवलेले पुस्तक छाटणीच्या यादीत घालून वहीचा हिशेब जुळविण्याची सूचना कोणाकडूनही आली तरी ती मानू नये.

संदर्भसेवेचे मर्म प्रश्न समजून घेण्यात आहे. वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते बहुधा त्याला हवे असलेल्या गोष्टीपेक्षा फार व्यापक असते, "सर, संत्र्यावर पुस्तक आहे का?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला कदाचित पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी भूजल पातळीची आकडेवारी हवी असते आणि कदाचित घरच्या झाडांच्या बुंध्यातून डिंक का गळतो, हे पाहायचे असते. हे कळण्यासाठी दोन-तीन साधे प्रश्न विचारावे लागतात : कशासाठी हवे आहे, किती पाने लिहायची आहेत, मराठीत हवे की इंग्रजीत चालेल, आणि केव्हापर्यंत हवे आहे. या संवादाला ग्रंथालयशास्त्रात संदर्भ मुलाखत म्हणतात, आणि ती चौकशीसारखी वाटू न देणे हे त्यातले कौशल्य आहे, कारण खेड्यातून प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी दुसऱ्या प्रश्नालाच "राहू द्या सर" म्हणून परत फिरतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी संदर्भसेवेचे त्वरित आणि दीर्घ असे दोन प्रकार केले. एखाद्या कोशातून काही मिनिटांत देता येणारे उत्तर पहिल्यात मोडते आणि अनेक साधने धुंडाळून, कधी काही दिवसांनी, देता येणारे उत्तर दुसऱ्यात मोडते. अर्धवेळ कर्मचाऱ्याची खरी अडचण दुसऱ्या प्रकारात येते, कारण प्रश्न सोमवारी आला आणि पुढची पाळी गुरुवारी असली तर मधल्या काळात धागा तुटतो. त्यासाठी टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि तीत तारीख, प्रश्न वाचकाच्याच शब्दांत, पाहिलेली साधने, मिळालेले उत्तर आणि न मिळाल्यास त्याचे कारण एवढे लिहावे. या वहीचा दुसरा उपयोग पुढे छाटणीत होतो.

वऱ्हाडातील स्थानिक प्रश्नांची उत्तरे शोधताना एक गोष्ट माहीत नसेल तर तास वाया जातात. हा प्रदेश १८५३ च्या तहापर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, त्यानंतर 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नावाने ब्रिटिश व्यवस्थापनात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. साहजिकच जुने अहवाल, जनगणना आणि गॅझेटियर वेगवेगळ्या प्रांतांच्या नावाखाली छापले गेले आहेत आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेत अमरावती शोधणाऱ्याच्या हाती काहीही लागत नाही. ए. सी. लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर, फिट्झजेराल्ड आणि नेल्सन यांनी सिद्ध केलेले अमरावती जिल्ह्याचे १९११ चे गॅझेटियर, महाराष्ट्र शासनाचे १९६८ चे गॅझेटियर आणि या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' ही येथील स्थानिक संदर्भाची मूळ साधने होत. १९११ च्या काळात वरूड तालुका अस्तित्वात नव्हता, त्यामुळे शेंदूरजना हे गाव मोर्शी तालुक्यात पाहावे लागते आणि तेही 'घाट' न जोडलेल्या नावाने. शिवाय तिवसा तालुक्यात शेंदूरजना बाजार आहे आणि वाशीम जिल्ह्यातही शेंदूरजना आहे, म्हणून नुसत्या नावावरून आकडे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला तालुका तपासण्यास आवर्जून सांगावे. हे सगळे एका जाड कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले तर पाळी बदलली तरी पुढच्या व्यक्तीला उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक साधनांविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की, इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'एन-लिस्ट' योजनेत महाविद्यालय सहभागी असल्यास विद्यार्थ्यांची प्रवेशनावे तयार करून देणे हे संदर्भसेवेचेच काम आहे, आणि 'शोधगंगा' या प्रबंधांच्या भांडारात वऱ्हाडावरील अनेक प्रबंध विनामूल्य वाचता येतात. मराठी विश्वकोशाचे खंडही आता संकेतस्थळावर आहेत. मात्र पहिला खंड १९७६ चा असल्यामुळे सुरुवातीच्या खंडांतील लोकसंख्या आणि उत्पादनाचे आकडे त्या काळचे समजूनच द्यावेत. पडद्यावर दिसले म्हणजे ताजे असलेच पाहिजे, असा विद्यार्थ्यांचा ग्रह असतो.

छाटणीकडे वळताना सर्वांत सोयीचा आणि सर्वांत फसवा पुरावा आधी ओळखून घ्यावा. पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवलेली तारखेची पट्टी, किंवा संगणकप्रणालीतील देवघेवीची नोंद, पुस्तक घरी कधी गेले एवढेच सांगते. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. हा आकडा छाटणीच्या बाजूने वारंवार दिला जातो, पण ग्रंथालयात बसून झालेल्या वापराचे मोजमाप त्यात पुरेसे झाले नाही, हा त्यावर घेतलेला आक्षेप त्याच्याइतका सांगितला जात नाही. वरूडसारख्या ठिकाणी हा आक्षेप विशेष लागू पडतो, कारण एस.टी. बसच्या वेळेपर्यंत वाचनकक्षात बसणारे विद्यार्थी जाड पुस्तके घरी नेत नाहीत. ती तिथेच वाचतात, पाने मोबाइलवर टिपून घेतात आणि पुस्तक टेबलावर ठेवून निघून जातात. अशा पुस्तकाची पट्टी वर्षानुवर्षे कोरी राहते. म्हणून छाटणीच्या किमान एक सत्र आधीपासून वाचकांना पुस्तके परत कपाटात न ठेवण्याची सूचना द्यावी आणि संध्याकाळी ती जागेवर लावण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करावी. याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. या खुणा, देवघेवीची नोंद आणि प्रश्नांची वही या तिन्ही गोष्टी समोर ठेवल्यावरच कपाटाला हात लावावा.

निकषांची तयार चौकट हवी असल्यास अमेरिकेतील टेक्सस राज्यात लहान आणि मध्यम सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९७६ मध्ये तयार झालेल्या 'क्रू' या मार्गदर्शिकेचा आधार घेता येतो. दिशाभूल करणारे, अतिशय जीर्ण, नव्या आवृत्तीने मागे पडलेले, क्षुल्लक, वाचकवर्गाशी असंबद्ध आणि इतरत्र सहज मिळणारे, अशा सहा कारणांनी पुस्तक बाद करावे आणि प्रत्येक विषयवर्गासाठी वर्षांची मर्यादा वेगळी असावी, असे ती पद्धत सुचविते. पुढील आवृत्त्यांत संगणकविषयक पुस्तकांना अवघी तीन वर्षे दिलेली आहेत. महाविद्यालयासाठी ही चौकट जशीच्या तशी वापरणे मात्र धोक्याचे आहे. सार्वजनिक ग्रंथालयात कालबाह्य असलेले पुस्तक महाविद्यालयात अभ्यासाचे साधन असू शकते : १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला म्हणून पंचवार्षिक योजनांवरची सगळी पुस्तके काढली तर अर्थशास्त्राचा विद्यार्थी १९५१ पासूनचा इतिहास कुठे वाचणार? कायद्याच्या कपाटातही तसेच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे भारतीय दंड संहितेची खिशात मावणारी जुनी पुस्तके विद्यार्थ्याला फसवतात, ती काढावीत. पण त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली चालत असल्यामुळे तिच्यावरील एक चांगला भाष्यग्रंथ ठेवणे आवश्यक आहे. वाणिज्य शाखेतील विक्रीकर आणि मूल्यवर्धित करावरील परीक्षोपयोगी पुस्तकांना अशी कोणतीही सबब नाही. १ जुलै २०१७ नंतर ती वस्तू व सेवा कर शिकणाऱ्याच्या वाटेत येतात.

ड्यूई दशांश वर्गीकरणात संत्र्याचा वर्गांक ६३४.३१ आहे, आणि या भागातील ग्रंथालयात हा एक खण बाकीच्या सगळ्या खणांपेक्षा जास्त लक्ष देऊन तपासण्यासारखा असतो. येथे एखाद्या जुन्या लागवड-पुस्तिकेत काळ्या माशीसाठी एन्डोसल्फानची फवारणी सुचविलेली सापडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये ज्याच्या उत्पादन, विक्री आणि वापरावर बंदी घातली त्या कीटकनाशकाची मात्रा सांगणारे पान विद्यार्थ्यामार्फत घरी पोचणे हा केवळ शैक्षणिक दोष राहत नाही. म्हणून अशा पुस्तिकेची जादा प्रत प्रथम खुल्या कपाटातून काढावी, आणि हे काम कोणत्याही ठरावाची वाट न पाहता करावे, कारण पुस्तक जागेवरून हलविणे वेगळे आणि बाद करणे वेगळे. परंतु त्याच पुस्तिकेत आंबिया आणि मृग बहारासाठी बागेला ताण कधी द्यावा, त्या वेळी कोणत्या गावांत विहिरींना किती हातांवर पाणी होते, डिंक्यासाठी बुंध्याला बोर्डोमलम कसा लावत, असे तपशील असतील, तर तिची एक प्रत पुढे कृषी-इतिहासाचे साधन ठरते. अशा प्रतीच्या मुखपृष्ठाच्या आत 'फवारणीच्या शिफारशी कालबाह्य. नवीन शिफारशींसाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांची प्रकाशने पाहावीत' अशी चिठ्ठी डकवून ती स्थानिक संग्रहात हलवावी. संत्रा उत्पादक झाडावरची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढतो तेव्हा तो झाड पाहून काढतो, बागेतील सगळ्या झाडांची समान कापणी करीत नाही; खणाखणाने निर्णय घेण्याची ही सवय ग्रंथालयातही हवी.

स्थानिक संग्रह हा छाटणीच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा विभाग आहे, आणि तो अस्तित्वात नसेल तर छाटणी सुरू करण्यापूर्वी एक बंद कपाट त्यासाठी मागून घ्यावे. गॅझेटियर, जनगणना पुस्तिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, नगरपरिषदेच्या स्मरणिका, महाविद्यालयाचे स्वतःचे वार्षिकांक आणि वऱ्हाडी बोलीतील लहान प्रकाशने यांना देवघेवीचा निकष लावूच नये. जुन्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत शंका आली तर शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहावी; १८०० ते १९५० या काळातील प्रकाशनांची ती सूची असल्यामुळे पुस्तकाची आवृत्ती कोणती आणि ते केव्हाचे, याचा उलगडा तेथे होतो. मुखपृष्ठ नसलेले, कसर लागलेले, पिवळे पडलेले पुस्तक पहिल्या आवृत्तीचे निघू शकते, आणि रद्दीच्या गठ्ठ्यात नेमकी अशीच पुस्तके आधी जातात, कारण ती दिसायला वाईट असतात. देणगीची पुस्तकेही वेगळी तपासावीत. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या संग्रहातील समासातल्या नोंदी, जुनी पत्रे आणि कात्रणे पुस्तकाइतकीच मोलाची असू शकतात, आणि दात्याचे कुटुंब गावातच राहत असल्यामुळे पुस्तक बाद करण्याआधी त्यांना विचारणे हे शहाणपणाचेही आहे.

याउलट ज्या ठिकाणी हात आखडता घेण्याचे कारण नाही तो विभाग म्हणजे पुस्तक पेढी, जिच्यातून गरजू विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी क्रमिक पुस्तके दिली जातात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला की एकाच पुस्तकाच्या पंचवीस-तीस प्रती एका दिवसात निरुपयोगी होतात आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या बदलांनी हे प्रमाण वाढले आहे. दोन प्रती ठेवून बाकीच्या काढाव्यात. प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिकांची एकही प्रत ठेवण्याची गरज नाही.

निर्णयानंतरची कागदोपत्री प्रक्रिया कंटाळवाणी असली तरी अर्धवेळ कर्मचाऱ्याचे संरक्षण तीच करते. दाखलअंक, लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष, किंमत आणि बाद करण्याचे कारण असलेली यादी विषयवार तयार करून ती त्या त्या विभागप्रमुखाकडे द्यावी आणि पंधरा दिवसांची मुदत लेखी कळवावी; पुस्तके मात्र त्या काळात एका वेगळ्या कपाटात मांडून ठेवावीत, कारण यादी पाहून "हे ठेवा" म्हणणारे प्राध्यापक पुस्तक हातात घेतल्यावर अनेकदा मत बदलतात, आणि कधी उलटही घडते. त्यानंतर ग्रंथालय समितीचा ठराव, प्राचार्यांची मान्यता, आणि पुस्तके शासकीय अनुदानातून घेतलेली असल्यास त्या अनुदानाच्या अटींप्रमाणे आवश्यक ती परवानगी, असा क्रम असतो. मान्यता मिळाल्यावर दाखलवहीत शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख लिहावी, पुस्तकावर 'निर्लेखित' असा शिक्का मारावा, म्हणजे ते हिशेबातून अधिकृतपणे वगळले गेल्याची खूण राहते, आणि संगणकप्रणालीतील नोंदही त्याच दिवशी बदलावी. बाद झालेला दाखलअंक दुसऱ्या पुस्तकाला पुन्हा कधीही देऊ नये. शिक्का न मारता विकलेली पुस्तके रद्दीवाल्याकडून फिरून पुन्हा ग्रंथालयाच्या दारात येतात आणि प्रामाणिक माणसे ती हरवलेली समजून परत आणून देतात. विक्रीपूर्वी दरपत्रके मागवावीत, रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात भरून पावती यादीला जोडावी. चांगल्या स्थितीतील पुस्तके परिसरातील सार्वजनिक ग्रंथालयांना किंवा शाळांना देता येतात, परंतु आपल्याकडे दिशाभूल करणारे ठरलेले पुस्तक शाळेला देणे हे दान म्हणता येत नाही.

छाटणीला होणारा विरोध बहुधा आकड्यावरून होतो. मूल्यांकन समिती येणार असताना ग्रंथसंख्या कमी दिसेल, ही भीती प्राचार्यांच्या मनात असते आणि तिचा उपहास करून उपयोग नाही. नॅकच्या निकषांत ग्रंथालयावरील वार्षिक खर्च आणि ग्रंथालयाचा दैनंदिन वापर यांची माहिती मागितली जाते, हे दाखवून द्यावे, आणि त्याबरोबर प्रश्नांच्या वहीतील नोंदींचा गोषवारा ठेवावा. कोणते प्रश्न पुस्तक नसल्यामुळे अनुत्तरित राहिले, याची ती यादीच नव्या खरेदीची मागणी ठरते आणि रिकाम्या झालेल्या खणांचे समर्थनही करते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील पाचवे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हणते. त्याचा आधार घेऊन काहीच काढू नये असे म्हणणाऱ्यांनी पहिले सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी असतात हे, वाचलेले नसावे.

वेळेच्या आखणीत एक व्यावहारिक मर्यादा पाळावी. सत्र चालू असताना आठवड्याला एका वेळी एकच खण, तोही शक्यतो सकाळच्या तासात, तपासावा. उन्हाळी परीक्षेनंतर कपाटेच्या कपाटे उपसण्याचा मोह टाळावा, कारण त्या दिवसांत वऱ्हाडातील उन्हाने बंद दालनात दुपारी उभे राहणे कठीण होते, प्राध्यापक सुटीवर असल्यामुळे मते मिळत नाहीत, आणि थकलेला माणूस शेवटच्या कपाटातील पुस्तके न उघडताच गठ्ठ्यात टाकतो. त्या काळात दाखलवहीतील शेरे पूर्ण करणे, स्थानिक संग्रहाची सूची लिहिणे आणि अनुत्तरित प्रश्नांपैकी एखाददुसऱ्याचा पाठपुरावा करणे, ही बसून करण्याची कामे घ्यावीत.